मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार: पैसे कुठून, कसे येतात?

येवला-निफाडहून नाशिकला शिकायला येणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांनी या दोन सरकारी योजनांमधला फरक आधीच समजून घ्यावा. महाडीबीटीवरची (राज्य सरकारचं ऑनलाइन अर्जांचं पोर्टल) मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची, शिष्यवृत्ती मुख्यतः फीसाठी. अर्ज आधी कॉलेज तपासतं, मग समाजकल्याण कार्यालय. माझ्या मते घोडं जास्त अडतं ते कॉलेजच्या टेबलावरच, म्हणून तिथल्या क्लार्कना भेटत राहा. आलेला फीचा हप्ता कॉलेजलाच भरायचा असतो. तो घरखर्चात जाऊ देऊ नका.

स्वाधार योजना खोलीभाडं आणि मेससाठी: सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना नाशिक शहरात वर्षाला ५१,००० रुपये. इथे भाडेकरार, हजेरीही बघतात.

दोन्हींचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. केवायसी झाली म्हणजे आधार सीडिंग (सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधार खात्याला जोडणं) झालं, असं नाही. बँकेत ते वेगळं विचारा, अर्ज भरण्याआधीच.