बारा कांड्यांतली एकही दाढीची नव्हती

अण्णांचं वय ८३. हाताला कंप आहे, आणि हृदयाच्या त्रासामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची चालू आहे. सलूनपर्यंत नेणं आता जमत नाही, म्हणून एक दिवसाआड सकाळी मीच त्यांची दाढी करतो. हे आधीच सांगतो, कारण साबणाच्या कांडीत मेली कसली फसवणूक, असं कुणालाही वाटेल. गेलेली रक्कम तीन हजारांच्या आतली आहे. पण अशी गोळी घेणाऱ्या माणसाच्या गळ्याला जरा खरचटलं तरी कापूस दाबून धरून बसावं लागतं, आणि तेवढा वेळ आपल्याला दुसरं काही सुचत नाही.

कांडी सगळ्यांनाच माहीत असेल असं नाही. दाढीचाच साबण, फक्त अंगठ्यापेक्षा थोडा जाड, लांबट, कागदात गुंडाळलेला. वाटी लागत नाही. चेहरा गरम पाण्याने ओला करायचा आणि कांडी खुंटांच्या उलट दिशेने घासायची. खुंटच किसणीचं काम करतात, साबण ओढून घेतात आणि गालावर लोण्याचा हात फिरवावा तसा थर बसतो. मग पाणी झटकलेला ब्रश त्यावर गोल गोल फिरवायचा, मधून मधून फक्त त्याची टोकं पाण्यात बुडवायची. दीड-दोन मिनिटांत साईसारखा घट्ट फेस होतो. फेस चेहऱ्यावरच तयार होत असल्यामुळे तेवढा वेळ केस भिजत राहतात, ब्रशने उभे राहतात, आणि पातं न ओढता जातं. म्हाताऱ्या, सैल पडलेल्या कातडीला हाच फरक पडतो.

अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते. बदल्यांच्या गावी पत्र्याच्या पेटीत त्यांची कांडी, ब्रश आणि तुरटीचा खडा असायचा. ट्यूबमधली क्रीम मी दोन वर्षं वापरून पाहिली. ते काही बोलायचे नाहीत, पण एकदा म्हणाले, "कांडीची सर नाही रे याला." ब्रश हनुवटीखाली गेला की ते डोळे मिटून मान वर करतात. तेवढ्यासाठी मी कांडी शोधायला लागलो.

अडचण दोन प्रकारची होती. इथे लातुरात दुकानात कांडी मिळेना. परदेशी बऱ्याच आहेत, तुर्कस्तानची आर्को, जर्मनीची स्पीक, स्पेनची ला तोहा, पण त्या मागवायच्या तर मोजावे लागणारे पैसे आवाक्याबाहेरचे. आणि अण्णा माळकरी. आर्कोच्या वेष्टनाचा फोटो मी पाहिला, त्यावर 'टॅलोएट' होतं. टॅलो म्हणजे जनावराची चरबी. ती त्यांच्या गालाला लावायची आणि गप्प बसायचं, हे माझ्याने झालं नसतं.

अशात मोबाईलवर जाहिरात आली. 'हाताने बनवलेली दाढीची कांडी. चरबी नाही. शंभर टक्के शाकाहारी.' हिरव्या फरशीवर ठेवलेल्या तीन कांड्यांचा फोटो. एकीच्या टोकाला नखाने पाडावी तशी चीर होती, म्हणून खरंच कुणीतरी घरी बनवत असेल असं मला वाटलं. मी फोन केला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला. मी अण्णांचं वय सांगितलं, गोळीचं सांगितलं, माळेचं सांगितलं. तो म्हणाला, "काका, आधी एकच घ्या. पटलं तर पुढचं बोलू." आज मला वाटतं, माझ्या तोंडून माझी सगळी गरज त्याने पाच मिनिटांत काढून घेतली.

पहिली कांडी २९० रुपयांची. ती उत्तम निघाली. खोटं बोलणार नाही, इतका चांगला फेस मी कधी पाहिला नव्हता. अण्णांनी दाढी झाल्यावर गालावरून हात फिरवला आणि आईला हाक मारली. मी त्याच आठवड्यात बारा कांड्या सांगितल्या, २४० रुपयांना एक, एकूण २,८८०. कॅश ऑन डिलिव्हरी नव्हती, यूपीआयने आगाऊ. पैसे ज्या नावावर गेले ते जाहिरातीतल्या नावापेक्षा वेगळं होतं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. बिल मागितलं, "पार्सलमध्ये टाकतो" म्हणाला. चार कांड्या मी माणसांना वाटल्या: दोन ऑफिसातल्या सहकाऱ्यांना, एक दाजींना, एक शेजारच्या निवृत्त तलाठ्यांना. सहकाऱ्यांकडून पैसेही घेतले.

पार्सल आलं. बिल नव्हतं. कागद तोच, चिठ्ठीही दिसायला तशीच, वास मात्र चंदनाचा, आणि जरा जास्तच.

पहिल्याच सकाळी कांडी गालावरून घसरली. ती घासली जात नव्हती, घसरत होती, आणि मागे थर बसण्याऐवजी बुळबुळीतपणा राहत होता. ब्रश फिरवला तर फेस लगेच आला, भरपूर आला, मोठमोठ्या बुडबुड्यांचा. एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस बसलेला. मी पुन्हा लावला. गळ्याशी पातं अडकलं आणि अण्णांनी श्वास आत ओढला. लहानशी चीर, पण रक्त थांबेना. कापूस बदलत वीस मिनिटं मी त्यांच्या गळ्यावर बोट दाबून उभा होतो. ते म्हणत होते, "काही नाही, काही नाही." नंतर तुरटी फिरवली तेव्हा कळलं की एकच चीर नव्हती, दोन्ही गाल सोलवटले होते. तुरटी खोटं सांगत नाही. जिथे पात्याने कातडी खरवडलेली असते तिथे ती झोंबते, आणि अण्णांना ती सगळीकडे झोंबली.

मी त्या माणसाला फोन केला, आणि त्याच्या उत्तरांनी मला जवळजवळ अडीच आठवडे गुंतवून ठेवलं. आधी म्हणाला, तुमचं पाणी जड असेल. हे अर्धं खरं होतं, म्हणूनच मी अडकलो. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, बादलीला पांढरा साका धरतो. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे कुठल्याही साबणाचा फेस कमी होतो, हे खरंच आहे. मग म्हणाला, ब्रश ओला जास्त राहतोय. मग म्हणाला, हात हलका ठेवा, तुमचं तंत्र चुकतंय. त्या दिवसांत मी स्वतःच्या हाताला दोष देत होतो. अण्णांची दाढी मी ट्यूबवर आणली, आणि रोज रात्री स्वतःच्या गालावर कांडी घासून सराव केला.

शेवटी मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. पहिल्या चांगल्या कांडीचा बोटभर तुकडा उरला होता. फिल्टरचं पाणी घेतलं, तोच ब्रश धुऊन दोनदा वापरला, एका गालावर जुनी कांडी, दुसऱ्यावर नवी. दोन्हींचा फेस दोन बशांत काढून ठेवला आणि चहा करायला गेलो. चहा पिऊन परत आलो तेव्हा जुन्या कांडीचा फेस बोटाने उभा राहत होता. नव्या कांडीच्या बशीत तळाशी पाणी आणि वर चार बुडबुडे. पाणी एक, हात एक, ब्रश एक.

मग सुरी घेऊन नवी कांडी मधोमध कापली. आत दोन रंग होते. फिकट साबणात गडद, पिवळसर ठिपके आणि तुकडे, दाबून बसवलेल्या लाडवात दिसतात तसे. अंगाचा साबण किसून, ओलसर करून, नळीत दाबून काढला होता. बाहेरून हात फिरवून गुळगुळीत केलेला. सोनाराकडे नेऊन तीन कांड्या वजन केल्या. चिठ्ठीवर ७५ ग्रॅम, काट्यावर ६३, ६१ आणि ६६. ओला साबण वाळत गेला की वजन उतरतं.

आमच्या नात्यातल्या एका मुलाने रसायनशास्त्र शिकवलंय, त्याला चिठ्ठी दाखवली. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं: 'ग्रेड १, टीएफएम ७६ टक्के'. ही ओळ मी गुणवत्तेची खूण समजत होतो. टीएफएम म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्ध पदार्थाचं प्रमाण, आणि ७६, ७० आणि ६० या पायऱ्या आपल्याकडे अंगाच्या साबणाच्या प्रतवारीच्या आहेत. अंगाचा साबण उलटा करा, बहुतेकांच्या मागे असा आकडा सापडेल. दाढीच्या साबणाबद्दल तो काहीच सांगत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याने बहुधा मूळ साबणाच्या वेष्टनावरूनच ती उतरवली होती.

घटकांची यादीही तेच बोलत होती: सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट. पाम तेल आणि पाम बियांचं तेल कॉस्टिक सोड्याने साबणात बदललेलं. त्याने वडी टणक होते, फेस पटकन येतो आणि पटकन जातो. दाढीच्या साबणात कॉस्टिक पोटॅश लागतं. पोटॅशियमचा साबण मऊ असतो, पाण्यात चटकन मिसळतो. आणि स्टिअरिक ॲसिड भरपूर लागतं, बारीक बुडबुड्यांचा फेस धरून ठेवण्याचं काम मुख्यत्वे त्याचं. कांडीत आकार टिकावा म्हणून थोडा सोड्याचा भागही असतो. पण यादीतल्या पहिल्या तीन-चार नावांत पोटॅशियम किंवा स्टिअरिक हा शब्दच नसेल तर ती कांडी दाढीची नाही. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, त्यामुळे पहिली नावं वाचली तरी पुरतं. पहिल्या कांडीच्या चिठ्ठीवर ही यादी नव्हतीच. माझा अंदाज असा की ती कुठल्यातरी कारखान्याची चांगली कांडी होती, वरचा कागद काढून त्याने आपला कागद गुंडाळला. तिच्यात चरबी होती की नव्हती हे मला आता कधीच कळणार नाही. अण्णांना मी हे अजून सांगितलेलं नाही, आणि ती गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त खाते.

फोटो पाठवून मी पैसे परत मागितले. त्याने मला ब्लॉक केलं. १९३० ला फोन केला तो पैसे दिल्यापासून चोविसाव्या दिवशी. सायबर फसवणुकीची ती हेल्पलाइन लगेच फोन करणाऱ्यांच्या उपयोगी पडते, समोरच्याच्या खात्यात रक्कम असेपर्यंत ती अडवता येते. मी ते दिवस ब्रशचं पाणी झटकण्यात घालवले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विक्रेत्याचा पूर्ण पत्ता मागितला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, मी तिकडेही गेलो असतो. पण नोटीस पाठवायची कुठे? पार्सलवर नुसता गट क्रमांक आणि तालुका. त्या पत्त्यावर पाठवलेलं स्पीड पोस्ट 'पत्ता अपूर्ण' शेरा घेऊन परत आलं.

तेव्हा घेण्याआधी वेष्टन पाहा, आणि ऑनलाइन असेल तर वेष्टनाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. साबण हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बनवल्याचा महिना आणि वर्ष हे त्यावर असावंच लागतं, माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता. घरगुती बनवतो म्हणून यातून सुटका नाही. जो प्रामाणिकपणे घरी बनवतो त्याच्याकडे परवाना असतो आणि तो अभिमानाने दाखवतो. नमुना चांगला निघाला म्हणून मोठी मागणी एकदम देऊ नका. दुसऱ्या वेळीही एकच मागवा. आणि दुसरी आली की पहिलीचा तुकडा शिल्लक ठेवून दोन बशा करून पाहा, वयस्कर माणसाच्या गालाला लावायच्या आधी.

सहकाऱ्यांना मी पैसे परत केले. दाजींनी सांगितलं की त्यांनी दोनदा वापरून ती न्हाणीघरात हात धुवायला ठेवली होती, मला वाईट वाटू नये म्हणून बोलले नव्हते. तलाठीकाका म्हणाले, "मला वाटलं माझंच पातं बोथट झालंय." त्यांनी नवीन पात्यांचं पाकीट आणलं होतं.

परवा ती जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत २६०. फोटो तोच आहे: हिरवी फरशी, तीन कांड्या, उजवीकडच्या कांडीच्या टोकाला नखाएवढी चीर.