हिवाळी भटकंतीसाठी स्टीलचा थर्मास

सुट्ट्यांच्या दिवसांत शहरातील रोषणाई पाहायला निघताना सोबत नेण्यासाठी घेतलेला हा अर्ध्या लिटरचा थर्मास एकंदरीत समाधानकारक आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये वापरलेलेच तत्त्व येथे आहे: दोन भिंतींमधील हवा काढून टाकल्यामुळे उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही, जी जाते ती मुख्यतः तोंडाशी. आतली थंड भिंत मात्र सुरुवातीला पेयाची उष्णता शोषून घेते, म्हणून पेय भरण्यापूर्वी आत उकळते पाणी काही मिनिटे ठेवून तो तापवून घ्यावा. पिशवीत आडवा पडला तरी थेंबही सांडत नाही. झाकण मात्र हातमोजे घालून उघडत नाही (थंडीसाठीच्या वस्तूत ही उणीव खटकतेच), आणि त्यातील रबरी कड्याला वास बसत असल्याने ते दर वेळी काढून धुवावे लागते.