ईसीटी की आरटीएमएस? मेंदूची चित्रं काय सांगतात, आणि ठरवायचं कशावरून

दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही तीव्र नैराश्य हटत नाही, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ ईसीटी (भूल देऊन डोक्याला विजेचा शॉक देणं) किंवा आरटीएमएस (भूल न देता बाहेरून चुंबकीय स्पंद देणं) सुचवतात. मग घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: शॉकने मेंदू खराब होतो का?

एमआरआयच्या अभ्यासांत तसं नुकसान दिसलेलं नाही. उलट ईसीटीच्या कोर्सनंतर हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला या स्मृती-भावनांशी निगडित भागांचा आकार किंचित वाढतो. शॉक फक्त उजव्या बाजूने दिला असेल तर उजवीकडे जास्त. काही महिन्यांत तो पुन्हा पहिल्यासारखा होत जातो. मात्र ही वाढ म्हणजेच बरं होणं असं समजू नका. २०१८ साली अनेक केंद्रांतल्या २८१ रुग्णांची चित्रं एकत्र तपासली, तेव्हा ज्यांची वाढ जास्त ते जास्त बरे झाले, असं आढळलं नाही. जास्त आशादायक धागा मेंदूतल्या जोडण्यांचा आहे. २०१२ साली स्कॉटलंडमधल्या एबरडीनच्या अभ्यासात डाव्या पुढच्या भागाची इतर भागांशी असलेली जादा जोडणी ईसीटीनंतर कमी झाली आणि लक्षणंही उतरली. रुग्ण फक्त ९ होते, तेव्हा वजन तेवढंच द्यावं.

आरटीएमएसमध्ये चित्राचा उपयोग वेगळा. त्याच डाव्या पुढच्या भागावर डोक्याला कॉइल टेकवून चुंबकीय स्पंद देतात. ते कवटीखाली २-३ सेंटिमीटरच पोचतात. त्यामुळे जागा चुकली की परिणाम घटतो, आणि एमआरआयवरून जागा नेमकी धरता येते. ईसीटी लागू पडेल की नाही हे आधीच सांगणारा स्कॅन मात्र रोजच्या वापरात नाही. तेवढ्यासाठी एमआरआयवर खर्च करू नका. मेंदूत गाठ किंवा दाब वाढल्याची शंका असेल, तर तो करावाच लागतो.

निर्णय स्कॅनवर नाही, रुग्णाच्या स्थितीवर होतो. जेवण-पाणी सोडलं असेल, आत्महत्येचा धोका मोठा असेल, भास-भ्रम असतील, अंग ताठ होऊन बोलणं थांबलं असेल, तर ईसीटीच. इथे आरटीएमएसमध्ये चार आठवडे घालवणं धोक्याचं. रुग्ण खातोपितो, थोडंफार काम करतो, स्मरणशक्ती जपायची आहे, अशा वेळी आरटीएमएस आधी. कवटीत धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लियर इम्प्लांट असेल, तर ते बाद.

अंतरही मोजा. आरटीएमएस आठवड्यातून ५ दिवस, ४ ते ६ आठवडे. नाशिकमध्येच गंगापूर रोडला राहणाऱ्याला ते जमतं. दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराला द्राक्षतोडणीत रोज नाशिक गाठणं अवघड, आणि मधले दिवस बुडाले की कोर्स फसतो. ईसीटी आठवड्यातून २-३ वेळा, एकूण ६ ते १२ सिटिंग. पण दर वेळी उपाशीपोटी यायचं, भूल घ्यायची, सोबत माणूस हवा, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

ईसीटी नीट न लागण्याची कारणं बहुधा साधी असतात. शॉकने मेंदूत थोडा वेळ फिटसारखा झटका यावा लागतो, उपचार तोच. क्लोनाझेपाम, लोराझेपाम (चिंता-झोपेच्या गोळ्या) किंवा व्हॅल्प्रोएट (फिटचं औषध) चालू असेल तर हा झटका यायला जास्त विद्युतमात्रा लागते किंवा तो फार लहान येतो. १५ सेकंदांपेक्षा छोटा झटका बहुतेक वेळा अपुरा मानतात. म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना द्या. स्वतःहून बंद मात्र करू नका. केसांना तेल लावून येऊ नका, इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो. कवळी आणि नेलपॉलिश काढा.

विसरभोळेपणा हा ईसीटीचा खरा तोटा आहे. कोर्सच्या आसपासच्या काही आठवणी परत येत नाहीत. उजव्या बाजूने, विजेच्या अतिलघु (फार कमी वेळाच्या) स्पंदांनी दिल्यास त्रास कमी, पण कधी कधी सिटिंग जास्त लागतात. जमिनीचा किंवा कर्जाचा व्यवहार कोर्स संपेपर्यंत नको.

भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी देण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. भूलतज्ज्ञ कोण, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा.

पुढचंही तेव्हाच ठरवा. २००१ च्या एका चाचणीत ईसीटीने बरे झालेल्यांपैकी ज्यांना नंतर फक्त नकली (औषध नसलेली) गोळी मिळाली, त्यांच्यातल्या ८४ टक्क्यांचं नैराश्य ६ महिन्यांत परतलं. नॉरट्रिप्टिलीन (नैराश्याचं औषध) आणि लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) एकत्र घेणाऱ्यांत ३९ टक्के. शेवटच्या सिटिंगआधीच पुढच्या ६ महिन्यांची औषधं आणि तपासणीच्या तारखा लिहून घ्या.