कॉन्ट्रा की बीजीएमआय?

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत टीव्हीला पिवळी-लाल वायर जोडून कॉन्ट्रा हा गोळीबाराचा व्हिडिओ गेम खेळलेली पिढी आता चाळिशीत आली. तिची पोरं मोबाइलवर बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा ऑनलाइन लढाईचा खेळ खेळतात. माझं मत जुन्याकडं झुकतं, आणि ते काही आठवणींपायी नाही.

१९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स अवघ्या ४० किलोबाइटचा. जागा वाचवायला ढग आणि झुडूप यांचं चित्रही एकच, नुसता रंग बदललेला! त्या तंगीमुळंच खेळ घोटीव झाला. उडी चुकली तर चूक आपलीच, नेटवर्कवर ढकलायची सोय नाही. कॉन्ट्रात तर एक गोळी लागली की जीव गेला. म्हणून वर-वर-खाली-खाली अशी बटणं दाबून ३० जीव मिळवायचा तो मंत्र. खेळ जतन करता येत नसे, हे मात्र वाईट. आठव्या टप्प्यावर लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

बीजीएमआय २०२१ चा. एका सामन्यात १०० खेळाडू. निपाणीतला पोरगा पुण्यात नोकरीला गेलेल्या मित्राबरोबर रात्री टीम करतो, हेडफोनवर मराठी-कन्नड मिसळून शिव्या चालतात. हे सुख कॉन्ट्रा देऊ शकत नाही. पण सतत अपडेट, वर कपडे नि बंदुकीचे रंग पैसे मोजून घ्यायचे. खानापूरच्या जंगलपट्टीत रेंज गेली की सगळंच ठप्प.

मित्र लांब असतील तर बीजीएमआय. भाऊ शेजारी बसला असेल तर कॉन्ट्राच. धबधब्याच्या टप्प्यात एकजण वर चढला की पडदा वर सरकतो नि खाली राहिलेला मरतो, आणि मग खरी मारामारी टीव्हीबाहेर सुरू होते.