मांजराला दुसरे घर मिळवून देणारी सेवा : छत्रपती संभाजीनगरमधील अनुभव

पाळलेले मांजर दुसरीकडे देण्याची वेळ आली की आपल्या भागात पहिला सल्ला मिळतो तो आडतीवर किंवा शेतातल्या आखाड्यावर नेऊन सोडण्याचा. तिथे उंदीर भरपूर, म्हणजे मांजर जगेल, असा त्यामागचा हिशेब असतो. वाटीतले खाऊन घरात वाढलेल्या मांजराला तो लागू पडत नाही, शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आईने जालन्याचे घर बंद करून पुण्याला भावाकडे राहायचे ठरवले, तेव्हा तिच्या चार वर्षांच्या गावरान मांजरीसाठी आम्ही संभाजीनगरमधील एका पशुदवाखान्याशी जोडलेल्या स्वयंसेवी गटाची मदत घेतली. हा अभिप्राय त्या सेवेबद्दल आहे.

गट पैसे घेत नाही, मात्र प्रश्न पुष्कळ विचारतो. लसीकरणाचे कार्ड पाहिल्याशिवाय आणि नसबंदी झाल्याची खात्री केल्याशिवाय मांजराची माहिती पुढे पाठवली जात नाही. मादी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते आणि साधारण दोन महिन्यांत विते, त्यामुळे नसबंदीविना दिलेली एक मांजर वर्षभरात पुन्हा पिलांसाठी घरे शोधायला लावते, हे तेथील डॉक्टर प्रत्येकाला समजावून सांगतात. घेणाऱ्याची चौकशी त्याहून कडक आहे : घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे का, गॅलरीला जाळी आहे का, दिवाळीत सगळे गावी गेल्यावर मांजराकडे कोण पाहणार. गारखेड्यातील ज्या कुटुंबाने आमची मांजर घेतली, त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीला जाळी बसेपर्यंत थांबावे लागले. काहींना हे जाचक वाटेल. मला मात्र हाच या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटला.

मांजर हलवण्याबाबतचे मार्गदर्शनही नेमके होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जात असल्याने प्रवास ऊन चढण्यापूर्वी आणि हवा खेळणाऱ्या बंद टोपलीतूनच करावा, सोबत तिचे न धुतलेले अंथरूण द्यावे, नव्या घरी सुरुवातीला तिला एकाच खोलीत ठेवावे आणि पलंगाखाली दडून बसली तर ओढून बाहेर काढू नये, असे त्यांनी सांगितले. मोठ्या मांजराने पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतावर लवकर परिणाम होतो, ही सूचना नव्या कुटुंबाला लेखी दिली गेली.

उणिवा आहेतच. पर्शियन मांजर किंवा लहान पिलू असेल तर फोन लगेच येतात. वयस्क गावरान मांजरीला कोणी विचारत नाही, आणि गटाने आमच्या मांजरीची माहिती ‘मादी, चार वर्षे’ एवढीच लिहून त्यात भर घातली. ती मुलांच्या गडबडीत शांत राहते, शौचासाठी ठेवलेल्या मातीच्या डब्याची सवय मोडत नाही, हा मजकूर आम्ही स्वतः लिहून दिल्यावरच विचारणा सुरू झाली. बीड किंवा परभणीकडच्या घरांची पाहणी केवळ व्हिडिओ कॉलवर होते, आणि समोरचा दाखवील तेवढेच घर त्यात दिसते.

सर्वांत अडचणीची बाब म्हणजे गटाकडे मांजरे ठेवायला जागा नाही. घर मिळेपर्यंत मांजर देणाऱ्याकडेच राहते, त्यामुळे बदली किंवा स्थलांतराची तारीख ठरलेली असल्यास किमान दोन महिने आधी संपर्क साधलेला बरा. करारात तर असे कलम आहे की मांजर रुळले नाही तर ते परस्पर तिसऱ्याला न देता गटाकडे परत करावे. जागाच नसताना गट ते ठेवणार कुठे, असे विचारल्यावर ‘आधी मूळ मालकाला कळवतो’ एवढेच उत्तर मिळाले. त्यामुळे परत आलेले मांजर कोण सांभाळणार, हे देणाऱ्याने सही करण्यापूर्वीच करारात लिहून घ्यावे. आमच्या करारात जालन्याच्या मावशीचे नाव तिच्या संमतीने घातले आहे.