नस मोकळी करून देतो म्हणाले, खिसा मोकळा केला

सायटिका, म्हणजे कमरेतून पायात जाणारी नस दबून उठणारी कळ, ऑपरेशनशिवाय घालवतो म्हणणाऱ्या एका केंद्रात मी फसलो. आधी आकडे सांगून टाकतो, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. तपासणी 800 रुपये. ‘मणक्याचं डीकॉम्प्रेशन’ (म्हणजे यंत्रावर कंबर ताणणं) या नावाचं पॅकेज 46,500, सगळे आगाऊ. कमरेचा पट्टा 3,200. तेल आणि औषधाच्या पुड्या 9,750. एकूण 60,250 रुपये. पट्ट्याचं वेल्क्रो तर पॅकेज संपायच्या आत उसवलं.

गिऱ्हाईक गळाला कसं लावतात हे तुम्हाला माहीत आहे. ‘ऑपरेशनशिवाय कायमचा आराम’, वाकत आलेली आणि नाचत गेलेली माणसं, ‘आजच भरलेत तर सूट’. मलाही माहीत होतं, मी काही दुधखुळा नाही. पण ज्याला सायटिका झाली नाही त्याने मला शहाणपण शिकवू नये. कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून पावलात उतरते, शिंक आली तरी जीव जातो, बसवत नाही आणि झोपवत नाही. मध्यरात्री भिंत धरून उभ्या असलेल्या माणसाला कुणी ‘आठ दिवसांत गुण’ म्हटलं, तर तो समोरच्याच्या पदव्या तपासत बसत नाही.

बरं, मी आधी खऱ्या डॉक्टरकडे गेलोच होतो. त्यांनी टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, पायाचा अंगठा वर दाबून बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली. लघवी नीट होते का, जांघेत बधिरपणा आहे का, हेही विचारलं. मग म्हणाले, मणक्यांमधल्या गादीचा तुकडा बाहेर येऊन नसेच्या मुळाला दाबतोय, बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत बरंच कमी होतं, पडून राहू नका, सोसेल तेवढं चालत राहा. दहा मिनिटांत बाहेर. मला वाटलं, यांनी वाटेला लावलं. त्या दुसऱ्या ठिकाणी मात्र तासभर बसवून घेतलं, पाणी विचारलं, हात हातात घेतला. लोक तिकडे का जातात, हे डॉक्टर मंडळींनीही जरा ऐकावं.

आता मुद्द्याचं. त्या केंद्रात पैसे भरायच्या आधी त्यांनी मला उताणं निजवलं आणि दुखरा पाय सरळ ठेवून झटकन वर उचलला. जेमतेम वीतभर उचलला असेल, मी ओरडलो. हे सगळं समोर स्टँडवर लावलेल्या मोबाइलवर शूट होत होतं. मग वीसेक मिनिटं त्या यंत्रावर कंबर ताणली, तेल चोळलं आणि पुन्हा पाय उचलला. या वेळी सावकाश, एक हात टाचेखाली आणि दुसरा गुडघ्याखाली. पाय जवळजवळ काटकोनात गेला. खोलीतल्या दोन मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो, आणि त्याच हसऱ्या तोंडाने कार्ड पुढे केलं.

गुडघ्याखाली हात! तिथेच पकडायला हवं होतं. सायटिक नस मांडीच्या मागून जाते. गुडघा सरळ ठेवून पाय उचलला की ती ताणली जाते, आणि साधारण 30 ते 70 अंशांच्या दरम्यान पायात कळ उठली तर डॉक्टर ती नस दबल्याची खूण धरतात. गुडघा जरासा दुमडला की नस सैल पडते आणि पाय कितीही वर जातो. आजारी माणसाचाही जातो. यंत्र लागत नाही, तेल लागत नाही. पण कळ नाहीशी झाली म्हणून डोळ्यांत पाणी आलेलं असताना कोण गुडघा किती वाकलाय ते बघतं? मला तर वाटतं त्यांचं सगळं दुकान या एका हातावर चालतं.

त्याहून मोठी लबाडी दिवसांची. पॅकेज अडीच महिन्यांचं. का, ते आता कळतं. गादीचा बाहेर आलेला तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच शोषून घेतं, नसेभोवतीची सूज उतरते आणि कळ पायातून हळूहळू मागे सरकते. जे फुकट होणार होतं त्याच मुदतीचं पॅकेज करून मला विकलं. आराम पडला की श्रेय यंत्राचं. नाही पडला तर ‘तुम्ही पथ्य पाळलं नाही’. मुदतीच्या आधी पूर्ण बरं करून देतो, असं लेखी मागा आणि चेहरे बघा.

एमआरआय दाखवून घाबरवलं ते वेगळंच. ‘दोन ठिकाणी फुगवटा, पुढे पाय लुळा पडेल.’ 2015 साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. कंबर अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या 30 टक्के लोकांतही गादीचा असा फुगवटा दिसतो, ऐंशीच्या घरात 84 टक्के. नुसता फुगवटा म्हणजे आजार नव्हे. आणि ऑपरेशनची भीती घालतात, तर 2007 साली नेदरलँड्समधला अभ्यास आला होता. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षअखेरीस आधी थांबून पाहिलेले आणि लवकर ऑपरेशन केलेले जवळपास सारखेच होते. म्हणजे बहुतेकांना विचार करायला वेळ असतो. घाई फक्त विकणाऱ्याला असते.

खरी घाई कुठे लागते ते मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांत कळ, पाऊल लुळं पडणं, असं काही झालं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. आणि कळ कमी होऊन पायातली ताकद जात असेल तर तो गुण नव्हे. हे असलं काही असताना कुणी त्या यंत्रावर झोपला तर?

पुड्यांनी दुसऱ्याच दिवशी हलकं वाटलं. काही आठवड्यांत चेहरा सुजला, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, यात स्टेरॉइड असण्याची शंका येते, आणि तसं असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून स्वतःच्या देखरेखीखाली थांबवल्या. वेष्टनावर नाव नाही, घटक नाहीत, तयार केल्याची तारीख नाही. बिननावाची पुडी तोंडात टाकू नका, ती देणारा कितीही गोड बोलला तरी.

मग तक्रार. पोलीस ठाण्यात साहेबांनी पावती उलटीपालटी केली आणि म्हणाले, “पैसे तुम्ही स्वतः दिलेत ना? ही दिवाणी बाब आहे.” आरोग्य खात्यात म्हणाले, ते डॉक्टर नाहीत, त्यामुळे आमच्या कक्षेत येत नाहीत. डॉक्टरांच्या नोंदणी कार्यालयात गेलो तर तिथलं उत्तर, नोंदणीच नाही तर रद्द काय करणार? म्हणजे पदवी असलेल्याने चूक केली तर चौकशी, आणि पदवीच नसेल तर सगळे हात वर! पुड्या तपासून घ्या म्हटलं तर म्हणे सीलबंद नग आणा. सील कधी नव्हतंच, साहेब, तीच तर तक्रार आहे. ग्राहक कार्यालयातल्या बाईंनी निदान नीट बसवून ऐकलं, पण पावतीवर ‘उपचार’ हा शब्द दाखवा म्हणाल्या. पावतीवर छापलंय ‘वेलनेस सदस्यता शुल्क, परत मिळणार नाही’. पैसे देण्याआधी पावतीवर काय लिहिणार ते वाचा. हप्त्याहप्त्याने देतो म्हणा. रोख देऊ नका. मी कार्डाने भरले म्हणून निदान एवढा तरी कागद हातात आहे. बँकेने वाद नोंदवून घेतला आणि सेवा मिळाली आहे असं कळवून फाइल बंद केली.

अर्ज मी पुन्हा केलाय, या वेळी पुडीचा फोटो, रक्ताचे रिपोर्ट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जोडून. जाहिरात अजून चालू आहे. तिच्यात आता एक नवीन व्हिडिओ आहे, पाय वीतभर, मग पाय काटकोनात, मग टाळ्या. तो पाय माझा आहे. तुमच्या मोबाइलवर आला तर आवाज बंद करा आणि गुडघ्याखालचा हात बघा.