थर्मल कॅमेरा, आठ महिन्यांनंतर: चिऱ्यांचे घर आणि दोन गाई

फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणारा, २५६ × १९२ बिंदूंचा थर्मल कॅमेरा मी गेल्या मे महिन्यात घेतला. आमचे घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आहे. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले, मागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आणि गोठ्यात दोन संकरित जर्सी गाई. दरवर्षी पावसाळ्यात माजघराच्या भिंतीवर ओल उमटते आणि दरवर्षी तिच्या कारणाविषयी नवे मत ऐकायला मिळते, म्हणून हा खर्च केला. विक्रेत्याने ‘भिंतीच्या आतले दिसते’ असे सांगितले होते. ते खरे नाही. वस्तूच्या पृष्ठभागावरून निघणारे, साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीचे अवरक्त किरण हा कॅमेरा टिपतो आणि त्यांवरून तापमान काढतो. आत जे घडते त्याची खूण पृष्ठभागावर पोहोचली, तरच ती पडद्यावर दिसते.

हे मला न्हाणीघरात नीट कळले. तांब्याच्या भाणात पाणी तापत होते आणि आईने त्याचा गळा चिंचेने घासून लख्ख केलेला होता. हात लावला तर चटका बसला, पडद्यावर मात्र ३६ अंश. त्याच गळ्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवला, तेव्हा तेवढाच तुकडा ५८ अंशांवर उजळला. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर सोडत नाही आणि समोरच्या वस्तूंची उष्णता परावर्तित करतो. काजळी धरलेल्या बुडाचे तापमान मात्र टेपशिवायही बरोबर येत होते. खिडकीच्या काचेतूनही पलीकडचे दिसत नाही, आपलीच धूसर आकृती दिसते. गिलावा, लाकूड, कातडी यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही.

ओलीच्या बाबतीत जुलैने माझी पूर्ण निराशा केली. बाहेर संततधार, हवा दमट, आणि सगळी भिंत २६ ते २७ अंशांच्या एकाच रंगात. ओली जागा थंड दिसते ती बाष्पीभवनामुळे. हवेतच एवढे बाष्प असताना ते होणार तरी कसे? ऑक्टोबरमध्ये चार दिवस सलग ऊन पडल्यावर, सकाळी अकराच्या सुमारास खिडक्या उघड्या ठेवून पुन्हा पाहिले, तेव्हा आढ्याच्या बाजूने खाली निमुळता होत आलेला गडद निळा पट्टा स्पष्ट दिसला. तो शेजारच्या भिंतीपेक्षा २ अंशांनी थंड होता. गवंडी ‘जमिनीची ओल वर चढते’ म्हणून खालचा गिलावा फोडायला निघाले होते. पट्टा वर रुंद आणि खाली अरुंद असल्यामुळे आम्ही आधी छपरावर चढलो. दोन उतार जिथे मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजून फाटलेली होती. कॅमेऱ्याने पन्हळ दाखवली नाही, कुठे चढायचे ते दाखवले.

सर्वांत लवकर पैसे वसूल झाले ते वीजपेटीत. गीझर अर्धा तास चालू ठेवून पाहिले असता एक एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा छोटा स्विच) ७१ अंशांवर आणि त्याचे शेजारी ३८ अंशांवर होते. भार नसताना हा फरक दिसला नसता. वीजतंत्र्याने मुख्य स्विच बंद करून पेटी उघडली. स्क्रू सैल होता आणि तारेचे आवरण करपू लागले होते.

गाईंसाठी मी तो आता रोज पहाटे, धार काढण्यापूर्वी वापरतो. कास पुसून कोरडी करायची, थोडे थांबायचे आणि डाव्या-उजव्या सडांची तुलना करायची. आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण या यंत्राच्या मापात दोनेक अंशांची चूक सहज असते. एकाच चित्रातला फरक मात्र भरवशाचा असतो. ऑक्टोबरमध्ये एकदा डावी बाजू गरम दिसली आणि मी घाबरलो, पण गाय रात्रभर त्याच कुशीवर बसली होती. तासाभराने फरक मावळला. नोव्हेंबरमध्ये मागच्या उजव्या सडाकडची बाजू दोन दिवस १.६ अंशांनी चढी राहिली. दूध दिसायला स्वच्छच होते. कॅलिफोर्निया चाचणीचे द्रावण घालून भांडे फिरवले, तेव्हा त्या एकाच सडाचे दूध शेंबडासारखे घट्ट झाले. दगडीची, म्हणजे कासेच्या दाहाची, ती सुरुवात होती आणि पशुवैद्यांच्या उपचारांनी ती तिथेच थांबली. चाचणी न करता नुसत्या चित्रावर मी डॉक्टरांना बोलावले नसते.

पावसाळ्यात गोठ्यातल्या गवतात साप दिसेल ही आशा मात्र फोल ठरली. सापाचे अंग भोवतालाइतकेच थंड असते. कुळागरातल्या चापडा या विषारी सापाला आपली ऊब त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळग्यांनी जाणवते, आणि आपल्याला महागडे यंत्र घेऊनही तो दिसत नाही!

तक्रारी लहान आहेत. दर थोड्या वेळाने कॅमेऱ्याच्या आतली झडप टकटक करत चित्र गोठवते आणि गाय नेमकी तेव्हाच पाय हलवते. फोनचे कव्हर प्रत्येक वेळी काढावे लागते, बॅटरीही झपाट्याने उतरते. यंत्र लावल्यावर पाच मिनिटे तसेच ठेवले नाही, तर आकडे सरकत राहतात.

पन्हळ डिसेंबरात बदलली आणि माजघराच्या भिंतीवर नवा गिलावा झाला. त्या जागी अजून १ अंशाचा फरक दिसतो. गिलावा वाळतो आहे म्हणून की ओल उरली आहे म्हणून, हे चित्रावरून सांगता येत नाही. त्यामुळे ओल मोजण्याचे दोन काट्यांचे साधे मीटर मागवले आहे.